एकाच खरेदीखताचा खर्च दोघांच्या माथी

आधी घटनाक्रम आणि जबाबदार माणसे नोंदवितो. मग हकिकत सांगतो.

होळीच्या आदल्या आठवड्यात घराचे साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, झाला. गुढीपाडव्याला ‘सरकारी खर्च’ या नावाखाली पहिली रक्कम घेण्यात आली. रामनवमी उलटताच दुसरी मागण्यात आली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कराराची मुदत संपणार होती. त्या दिवसापर्यंत खरेदीखत नोंदले गेले नाही, तर घेणाऱ्याने दिलेला इसार बुडणार होता आणि घरही हातचे जाणार होते.

जबाबदार माणसे तीन. पहिला, नोंदणी कार्यालयाबाहेर बसणारा दस्तलेखक. दुसरे, त्याच्या पाठीशी असलेले एक वकील. तिसरे, त्या कार्यालयाचे तत्कालीन प्रमुख. पहिल्याला शिक्षा झाली. उरलेल्या दोघांना आजतागायत कोणी जाब विचारलेला नाही. नोकरीत असंख्य गुन्ह्यांचा तपास केला. दरोडे पाहिले, खून पाहिले. पण मनात अजून धगधगतो तो हा बिनरक्ताचा गुन्हा. नावे मी लिहीत नाही, गावही लिहीत नाही. ज्यांचे त्यांना कळेल.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार काळ लोटला नव्हता. आजचा नंदुरबार जिल्हा त्या वेळी धुळे जिल्ह्याचाच भाग होता आणि मी तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी फौजदार होतो. ठाण्याची इमारत जुनी, माणसे थोडी, हद्द मात्र सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत. प्रकाशा या तापीकाठच्या तीर्थक्षेत्री भरणाऱ्या यात्रेचा बंदोबस्त, कापसाच्या गाड्यांवरून होणारी भांडणे, हद्दीवरची दारू, हे आमचे नित्याचे काम. घरांच्या खरेदी-विक्रीशी पोलिसांचा संबंध सहसा येत नाही आणि येऊही नये.

तो आला एका गणवेशामुळे. जिल्हा अधीक्षकांची वार्षिक तपासणी जवळ आली होती. ठाण्यात सगळीकडे चुना आणि रंग चालला होता. माझा खाकी डगला मी बाजारातल्या शिंप्याकडे शिवायला टाकला होता. हा माणूस हाताचा इतका सरळ, की आमच्या शिपायांचे गणवेशही तोच शिवत असे. वायदा उलटला म्हणून मी जमादारांना पाठविले. ते रिकाम्या हाताने परतले.

“साहेब, डगला जसाना तसा पडेल शे. मशीनच नही घरमा.”

“मशीन कुठे गेले?”

“दस्तलेखकनी ओसरीवर शे. वर गोधडी टाकेल शे. पण मी पायडल वळखं.”

शिंप्याचे मशीन दस्तलेखकाच्या ओसरीवर कशासाठी, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. मी शिंप्याला बोलावणे पाठविले. तो आला आणि मान खाली घालून उभा राहिला. सोबत त्याची बायको होती. मी दोनदा विचारले, तरी तो बोलेना. शेवटी तीच पुढे झाली.

“साहेब, हाऊ बोलाव नही. हाऊ कपडाले बी विचारीसन सुई टोचस. माले इचारा.”

मग तिच्याकडून सारे कळले. नवराबायको वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या पडवीत भाड्याने राहत होती. रस्त्यालगतचे दोन खोल्यांचे एक घर विकायला निघाले. दर्शनी खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार, असा त्यांचा बेत. घरमालक जवळच्या गावचे गुजर समाजातले शेतकरी. मुलगा मळ्यातच राहायला गेल्यामुळे त्यांना गावातले घर नको होते. किंमत ठरली, इसार दिला गेला, साठेखत झाले. पुढचे काम दस्तलेखकावर सोपविले. त्याने गूळ फोडला, दोन्ही पक्षांच्या तोंडात घातला आणि खर्चाचे पैसे मागायला सुरुवात केली. जवळचे होते ते पाडव्याला गेले. रामनवमीनंतर पुन्हा मागणी आली, तेव्हा मशीन तारण म्हणून त्याच्या ओसरीवर गेले. आता तो तिसऱ्यांदा मागत होता आणि आखाजी तोंडावर आली होती.

“एकूण खर्च किती, ते विचारले नाही?”

“आकडा सांगतसच नही ना साहेब. ‘लागी तसं देत जा’, इतलंच सांगतस.”

“मग घरमालकाला विचारायचे. व्यवहार त्यांच्याशीच आहे ना?”

तिने जीभ चावली. “गूळ खाधा ना आम्ही. दस्त व्हस तवलग त्यास्ना उंबराले पाय लावाना नही, त्यास्नं पानी पिवानं नही, पैसानी गोट काढानी नही. गुजर लोकेसमा तशी रीत शे. आपण गरीब मानसे, त्यास्नी रीत कशी मोडूत?”

मी मूळचा घाटावरचा. या पट्ट्यातल्या रीतीभाती मला ऐकून माहीत. सोयरीक ठरून गूळ फुटला की लग्न लागेपर्यंत व्याही एकमेकांच्या घरचे पाणी पीत नाहीत, असे काही घरांत पाळतात, हे माझ्या कानावर होते. घराच्या व्यवहारातही तसेच असेल, असे समजून मी ठाणे अंमलदाराला स्टेशन डायरीत नोंद घ्यायला सांगितले आणि घरमालकाला दुसऱ्या दिवशी चौकशीसाठी बोलाविले.

साक्षीदार एकमेकांपासून दूर ठेवावेत, हा तपासाचा पहिला धडा. त्या दिवशी तो पाळता आला नाही. तपासणीसाठी ठाण्यातली बाके रंगवून उन्हात ठेवली होती. कोरडे असे एकच उरले होते. त्याच्या एका टोकाला शिंपी आणि त्याची बायको, दुसऱ्या टोकाला घरमालक, अशी तिघे बसली. घरमालक साठीच्या घरातले, पांढरी टोपी, ताठ कणा. ते तापीच्या वाळूतून उन्हात चालत आले होते. शिपायाने पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला.

“नको,” ते म्हणाले. “हे बसलेत इथं.”

“काका, हे पोलीस ठाण्याचे पाणी आहे. शिंप्याच्या घरचे नव्हे,” मी म्हणालो.

“तसं नाही, साहेब. यांच्या नजरेसमोर बी चालत नाही. शिंपी समाजाची रीत आहे ना. गूळ खाल्ला की दस्त होईपर्यंत देणाऱ्यानं घेणाऱ्याशी पाणी नाही, बोलणं नाही. आपण दुसऱ्याची रीत कशाला मोडायची?”

शिंपीण ताडकन उठली.

“कोन्ही रीत? आमनी? ओ काका, आम्हले तर त्यानी सांगं का ती तुमनी रीत शे!”

“आमची?” म्हाताऱ्याचा आवाज चढला. “आमच्यात घर विकलं म्हणून पाणी सोडल्याचं मी तर ऐकलं नाही. होळीपासून मी तुमच्या गल्लीतून तोंड फिरवून जातो आहे. मान अवघडली माझी!”

“अन् मन्ही दशा? बजारमा तुमनी बायको दिसनी का मी लिधेल भाजी सोडीसन पळस!”

जमादार तोंडावर हात ठेवून हसले. मला मात्र हसू आले नाही. मी विचारले, “काका, मुद्रांकाचे पैसे कोणी दिले?”

“मी दिले. पाडव्याला. विकणाऱ्यानेच द्यायचे असतात, असा कायदा आहे म्हणाला.”

आणि दोन दिवस तोंड न उघडलेला शिंपी पहिल्यांदा बोलला.

“मी बी दिधात.”

मग घरमालकांनी शिपायाच्या हातून तांब्या घेतला, घटाघटा पाणी प्याले आणि उरलेले शिंप्यापुढे धरले.

वाचकांनी हे नीट समजून घ्यावे, कारण या गुन्ह्याचे सारे बळ इथे आहे. खरेदीखताला मुद्रांक लागतो एक. नोंदणी फी लागते एक. मालकीवर काही बोजा आहे का, हे पाहण्यासाठी जुन्या नोंदींचा शोध घ्यायचा, तोही एकदाच. वेगळा करार नसेल तर मुद्रांकाचा खर्च घेणाऱ्याने सोसायचा, असे मुद्रांक कायदा स्पष्ट सांगतो. दस्तलेखकाने शिंप्याला खरा कायदा सांगितला, घरमालकाला उलटा सांगितला, आणि दोघांकडून संपूर्ण खर्च उकळला. हे दोघे एकदा जरी समोरासमोर बसून बोलले असते, तरी त्याचे सोंग टिकले नसते. म्हणून त्याने सोयरिकीतली रीत उचलून घराच्या व्यवहारात आणली आणि प्रत्येकाला ती दुसऱ्याची आहे म्हणून सांगितली. स्वतःची रीत माणूस कधीमधी मोडतो. दुसऱ्याची मात्र, त्याचे मन दुखावेल म्हणून, जिवापलीकडे जपतो. त्या लबाडाने या भागातल्या माणसांच्या चांगुलपणाचेच भांडवल केले. हे आठवले की आजही माझ्या हाताच्या मुठी वळतात.

मी मुद्रांक विक्रेत्याकडे माणूस पाठविला. या घरासाठी मुद्रांक विकतच घेतला गेला नव्हता. दोघांनी पैसे भरले होते, आणि मुद्रांक एकही नव्हता! मुदत टळली असती म्हणजे व्यवहार मोडला असता, आणि ‘मोडलेल्या व्यवहाराचा खर्च परत मिळत नसतो’, असे सांगून त्याने दोघांचे पैसे आणि शिंप्याचे मशीन गिळले असते. घरमालकाची फिर्याद घेऊन मी भारतीय दंड विधान कलम ४२० खाली गुन्हा दाखल केला.

दस्तलेखक आला तो कपाळावर गंध, बगलेत छत्री आणि ओठांवर कायदा घेऊन.

“फौजदारसाहेब, हा दिवाणी मामला आहे. दस्ताचा खर्च पोलिसांच्या अखत्यारीत येत नाही.”

“बरोबर. खर्च येत नाही. खोटे सांगून घेतलेला पैसा येतो.”

“खोटे काय सांगितले मी?”

“गुळाची रीत.”

“रीत लोकांची असते, साहेब. मी कोण सांगणारा?”

“कोणत्या लोकांची?”

तो बोलता बोलता थांबला. मधले दार मी मुद्दाम उघडे ठेवले होते. त्यातून बाकावरची तिघे त्याला दिसत होती, आणि त्याचा शब्द त्यांना ऐकू जात होता. गुजरांची म्हणावे तर म्हातारा उठणार. शिंप्यांची म्हणावे तर बाई उठणार, आणि ती अधिक भयंकर होती.

“म्हणजे... पूर्वापार... या बाजूला...”

“एका समाजाचे नाव घ्या. एकाच. मी लिहून घेतो.”

त्याने छत्री एका बगलेतून दुसऱ्या बगलेत घेतली. नाव घेतले नाही. त्याच्या अंगाला कोणी बोट लावले नाही. त्याची गरजच पडली नाही. पोलिसापुढच्या कबुलीला न्यायालयात किंमत नसते, हे तो जाणत होता आणि मीही. म्हणून मी त्याच्या कबुलीमागे न लागता माणसांमागे लागलो. ठाण्यात काय घडले, ते शिंपिणीने बाजारात सांगायचे बाकी ठेवले नव्हतेच. गेल्या काही वर्षांतले घेणारे आणि देणारे येऊ लागले, तेही जोडीने. एकमेकांना टाळत जगलेली ही माणसे आमच्या बाकावर शेजारी बसून आपापला खर्च सांगत, आणि तो जुळत असे. सातपुड्यातल्या काठी गावाच्या वाटेवरच्या एका पाड्यातून एक वृद्ध आदिवासी दांपत्य आले. गावात झोपडी घेताना त्यांच्याकडून ‘अंगठ्याची फी’ घेतली होती. सही येत नाही, अंगठा लावावा लागतो, म्हणून जास्तीचे पैसे! असा आकार कोणत्याही कायद्यात नाही. तो म्हातारा माझ्यापुढे आपला अंगठा धरून उभा राहिला आणि त्याच्या तोडक्या मराठीत म्हणाला, “साहेब, ह्याचे पैसे घेतले.”

आता दुसऱ्या आणि तिसऱ्या माणसांकडे वळतो.

फीचा तक्ता प्रत्येक नोंदणी कार्यालयात लोकांना दिसेल असा, त्या जिल्ह्याच्या भाषेत लावलाच पाहिजे, असे नोंदणी कायद्याचे कलम ७९ सांगते. मी दोन पंच घेऊन त्या कार्यालयात गेलो. तक्ता कुठे आहे, असे विचारले. कारकुनाने भिंतीकडे बोट दाखविले. भिंतीला लागून लाकडी कपाट होते.

“कपाटामागे आहे, साहेब.”

“कपाट हलवीत का नाही?”

“जड आहे.”

“जड आहे म्हणून तिथे ठेवले, की तिथे ठेवायचे म्हणून जड केले?”

आतल्या खोलीतून प्रमुख बाहेर आले. म्हणाले, कपाट त्यांच्या आधीपासून तिथेच आहे. मी चार शिपायांकडून ते बाजूला करविले. मागे मराठीत छापलेला तक्ता होता. चहाचा डाग नाही, बोटाचा ठसा नाही. कोणी वाचलाच नव्हता, तर मळणार कसा? तो बाहेरून दिसता, तर जिला अक्षरओळख आहे अशी कोणतीही बाई तो वाचून दस्तलेखकाला म्हणाली असती, ‘इथे तर एवढेच लिहिले आहे.’ पंचनामा केला. वरिष्ठांमार्फत संबंधित खात्याला अहवाल पाठविला. उत्तर आले नाही. स्मरणपत्रे पाठविली. त्यांनाही नाही.

वकीलसाहेबांना मी त्यांच्या घरी भेटलो. ते झोपाळ्यावर बसले होते. मालकीच्या शोधाची फी त्यांनी दोन्ही पक्षांकडून, दस्तलेखकाच्या हातून घेतली होती.

“शोध केव्हा केलात?” मी विचारले.

“फौजदार, या गावची घरे मला पाठ आहेत. फी ज्ञानाची असते. ज्ञान दोघांना विकता येते.”

“पण देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा वकील एकच आहे, हे दोघांना सांगितले होते का?”

त्यांनी पायाने झोपाळ्याला हलका रेटा दिला. “विचारले कोणी?”

त्यांच्याविरुद्ध पुरावा अपुरा, असे सरकारी वकिलांचे मत पडले. मी कायदा मानणारा माणूस. ते मत मी मान्य केले. पण अपुरा पुरावा म्हणजे निर्मळ वर्तन नव्हे, हे मी तेव्हाही बोललो आणि आज लिहून देतो.

घराचे काय झाले? शिंप्याजवळ खर्चाला पैसा उरला नव्हता. घरमालकांनी मुद्रांकाची रक्कम स्वतः पुढे घातली; ‘दुकान चाललं की दे’, एवढेच म्हणाले. दोघे मिळून कार्यालयात गेले, तक्त्यापुढे उभे राहिले, फी वाचली, आणि आखाजीच्या आधी खरेदीखत नोंदले गेले. मशीन मात्र मुद्देमाल झाले होते. कायद्याने ते खटला संपेपर्यंत आमच्या ताब्यात राहायचे, म्हणजे चोराच्या ओसरीवरून निघून सरकारच्या कोठीत अडकायचे. मी त्याच दिवशी मॅजिस्ट्रेटपुढे अर्ज केला. त्यांनी ते जामिनावर परत द्यायला परवानगी दिली. जामीन कोण राहिले? घरमालकच. कागदावर सही करताना ते शिंपिणीला म्हणाले, “आता तरी भाजी टाकून पळू नको, माय.” ती म्हणाली, “काका, आते तुम्हीच पळशात. पहिला डगला तुमनाच शिवसू, अन् मापले दहा येळ बलावसू.” माझा डगला तपासणीला वेळेवर मिळाला नाही, हेही नमूद करतो. मी जुन्याच डगल्यावर अधीक्षकांना सलामी दिली आणि त्याबद्दल शेरा घेतला.

दस्तलेखकाला कैद आणि दंड झाला. अपिलात कैद कमी झाली. सुटून आल्यावर तो दुसऱ्या गावी बसू लागला.

या तपासाने मला शिकविले ते असे. ठकाचा धंदा लोभी माणसांवर चालतो, असे आम्ही पोलीस समजत होतो. तो भिडस्त माणसांवर त्याहून चांगला चालतो. माणूस वांगी घेताना चार दुकाने हिंडतो, आणि जन्मात एकदा घर घेताना खर्चाचा आकडा विचारायला लाजतो. घर घेणाऱ्या-विकणाऱ्या प्रत्येकाला माझे कळकळीचे सांगणे आहे. ‘सगळे मिळून इतके’ हा हिशेब ऐकून घेऊ नका. मुद्रांक किती, नोंदणी फी किती, लिहिणावळ किती, वकिलाची फी किती, हे वेगवेगळे विचारा. पहिली दोन सरकारची असतात, ती कोणाकडेही तीच यायला हवीत. उरलेली दोन माणसांची असतात, म्हणून ती दोघा-तिघांकडे विचारून ताडून पाहा. आणि सर्वांत महत्त्वाचे, देणारा आणि घेणारा एका बाकावर बसून बोला. तुम्हाला बोलू न देणारा माणूस, मग तो शास्त्राचे नाव घेवो की रीतीचे, तुमच्या खिशावरच डोळा ठेवून असतो.

निवृत्तीनंतर मी स्वतः एक लहानसे घर घेतले. दस्त लिहिणाऱ्या तरुणाला मी खर्च बाबवार लिहून मागितला. तो हसून म्हणाला, “बाबा, एवढं कोणी विचारत नाही.” मी तिथून उठलो, आणखी दोघांकडे गेलो, आणि तिघांचे आकडे तीन निघाले. सरकारी फीसुद्धा! म्हणजे काहीही बदललेले नाही, आणि का बदलले नाही हे विचारण्याचा मला अधिकार आहे.

ते वकील आज सभा-समारंभांत मानाच्या खुर्चीवर बसतात. ते कार्यालयप्रमुख निवृत्तिवेतन घेतात. दोघांनाही मी पत्रे लिहिली; पोहोच आहे, उत्तर नाही. तेव्हा येथे, वाचकांसमोर, पुन्हा विचारतो. वकीलसाहेब, न केलेल्या एका शोधाची फी तुम्ही दोन माणसांकडून कोणत्या नियमाने घेतली? प्रमुखसाहेब, कायद्याने उघडा ठेवायचा तक्ता तुमच्या कारकिर्दीत झाकलेला राहिला, तो कोणाच्या सोयीसाठी? खासगी खुलासा मला नको, मध्यस्थही नको. जिथे हा लेख छापला जाईल तिथेच, स्वतःच्या नावाने उत्तर द्या. प्रश्न विचारायची लाज वाटून एक शिंपी आपले मशीन गमावून बसला होता. तुम्हाला उत्तर द्यायची लाज वाटत असेल, तर निदान तेवढे तरी जाहीर लिहा.